नेमणुकीच्या कागदापलीकडे

संगमेश्वर, देवरुख या बाजूच्या वृद्ध माणसांच्या बोलण्यात ‘गिरणी’ हा शब्द अद्यापि येतो. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या कापडगिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविली. खोताच्या जमिनीत राबून पोट भरत नसे, म्हणून माणूस बोटीने मुंबई गाठी आणि परळ-लालबागच्या चाळीत राही. त्यांत कुणबी व मराठे होते, तसेच महारही होते. जिल्हा एक, बोट एक, पुष्कळदा गिरणीही एक. परंतु गिरणीच्या फाटकातून आत गेल्यावर वाटा फुटत. अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यात जागा मिळे, अधिक मजुरीच्या विणाई खात्यात मिळत नसे. याचे कारण यंत्रविद्येत नव्हते. धोट्यात नवी कांडी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास स्पृश्य विणकर तयार नव्हते.

मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे आम्ही वर्गात शिकवितो; त्यात हा धोटा कोठेच येत नाही. तो चर्चेत आणला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते, आणि नोकरीच्या जागी माणसाला कसे वागविले जाते याचा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नव्हता.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांचे घराणे आपल्याच जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीत राहिले. पुढे सातारा, मुंबई, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. नेमणूक खुद्द महाराजांची, पदव्या परदेशी. पण कचेरीतील शिपाई कागदपत्रे लांबून त्यांच्या मेजावर फेकत आणि तेथे त्यांना प्यावयास पाणी मिळत नसे. शहरात राहण्यास जागा मिळेना, तेव्हा त्यांनी नाव बदलून एका पारशी वसतिगृहात आश्रय घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले. कामाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. बाजार जात पाहत नाही असे मानणाऱ्यांनी हा लहानसा प्रसंग ध्यानात ठेवावा. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकू लागले. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास मात्र काही सहकाऱ्यांची हरकत होती. हे सहकारी अडाणी नव्हते, आमच्याच पेशाचे होते. सांगताना संकोच वाटतो.

१९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, डी. एस्सी., बॅरिस्टरी, महाडचा सत्याग्रह हा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने चालविलेल्या संपातील त्यांची भूमिका तितकी परिचित नाही. विणाई खाते अस्पृश्यांना खुले करावे ही मागणी संपाच्या मागण्यांत आलीच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. पुढारी नाखूश होते, कारण मालकाविरुद्धच्या मागण्यांच्या यादीत हे एक कलम सोबतच्या कामगारांविरुद्धही जात होते. अखेर त्यांना ते मान्य करावे लागले. खाते लगेच उघडले नाही, पण एकजूट कोणाला वगळून होत होती हे उघड झाले. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकरांनी १९३६ साली जे प्रतिपादन केले, त्यामागे गिरणगावाचा हा अनुभव निश्चितच असावा.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामेही करवून घेत, म्हणून अस्पृश्याला हमालाचीसुद्धा जागा मिळत नसे. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त होई. प्रश्न प्रवेशाचा, तसाच बढतीचाही होता. कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ सालीच मुंबई विधिमंडळात मांडले होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या कारकिर्दीवर सर्वस्वी स्तुतिसुमने उधळता येत नाहीत. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी १९४३ साली उठविली गेली. तिचे समर्थन करणे त्यांच्याच वाट्याला आले आणि त्यावर टीका झाली. १९४६ साली बंदी पूर्ववत झाली. त्या समर्थनातही खाणीतील स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी हा मुद्दा त्यांनी पुढे ठेवला होता. त्याच १९४३ साली त्यांच्या प्रयत्नांमुळे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या, आणि १९४६ साली हे प्रमाण १२.५ टक्के झाले. संविधानात कलम १६ व ३३५ आली ती त्यानंतर. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

परळच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. आता आमचे विद्यार्थी बोटीऐवजी संगमेश्वर रोड स्थानकावर गाडी धरतात. मुंबई-पुण्यात त्यांना मिळते ती नोकरी बहुधा खाजगी, पुष्कळदा कंत्राटी असते. १९४३ पासून चालत आलेली राखीव जागांची तरतूद खाजगी नोकरीला लागू नाही. तेथे कोणाला कोणते काम द्यावयाचे आणि बढतीच्या यादीत कोणाचे नाव घालावयाचे, हे ज्याच्या त्याच्या साहेबाच्या मनावर असते.