जॉर्ज ग्रीअर्सन : भाषा आणि बोली यांची सीमारेषा

हिंदुस्थानातील भाषांची पहिली व्यापक पाहणी ज्यांच्या नावाशी निगडित आहे, ते जॉर्ज अब्राहम ग्रीअर्सन (१८५१–१९४१) मूळचे डब्लिन परिसरातील. तेथील ट्रिनिटी कॉलेजात गणिताचा अभ्यास करीत असताना प्रा. रॉबर्ट अ‍ॅट्किन्सन यांच्यामुळे त्यांना संस्कृतची गोडी लागली. १८७३ मध्ये ते मुलकी अधिकारी म्हणून बंगाल इलाख्यात आले आणि पुढे बिहारमध्ये दीर्घकाळ राहिले. तेथे कचेरीची भाषा हिंदुस्थानी, तर रयतेच्या तोंडी मैथिली, मगही आणि भोजपुरी. या दुराव्यातूनच त्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. मैथिलीचे व्याकरण त्यांनी सिद्ध केले आणि ‘बिहार पेझंट लाइफ’ (१८८५) या ग्रंथात शेती, अवजारे व घरसंसार यांची ग्रामीण शब्दसंपदा नोंदविली.

१८८६ मध्ये व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेने हिंदुस्थानच्या भाषिक सर्वेक्षणाचा आग्रह धरला. १८९४ मध्ये काम सुरू झाले आणि १८९८ मध्ये ग्रीअर्सन त्याचे अधीक्षक झाले. प्रत्येक बोलीतून बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर, एखादी स्थानिक कथा वा गीत आणि ठराविक शब्द-वाक्यांची यादी मागविली जाई. ११ खंडांचे हे कार्य १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात १७९ भाषा व ५४४ बोली गणल्या गेल्या. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर मात्र या पाहणीबाहेर राहिले.

भाषा व बोली यांतील भेद डोंगर व टेकडी यांच्यातील भेदासारखा आहे, टोके स्पष्ट असली तरी मधली रेषा आखता येत नाही, याची ग्रीअर्सन यांना पूर्ण जाणीव होती. तरीही गणनेसाठी रेषा आखावीच लागली, आणि पुढे समाजाने तिलाच प्रमाण मानले. मैथिली ‘बिहारी’ या त्यांनीच योजिलेल्या नावाखाली गेली. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या मराठीच्या खंडात (१९०५) कोंकणीला मराठीची बोली म्हटले गेले, आणि गोव्यातील भाषावादात हा निर्वाळा वारंवार पुढे करण्यात आला. साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत कोंकणी १९९२ मध्ये, तर मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाली.

लेखनाची प्रतिष्ठा नसलेल्या असंख्य बोलींना ग्रीअर्सन यांनी विद्वत्तेच्या दरबारात स्थान दिले. परंतु कोणती बोली भाषा म्हणवून घेईल, याचा निर्णय अखेर ती बोलणाऱ्या समाजाने आणि त्याच्या साहित्याने केला.