लुई पाश्चर डॉक्टर नव्हते, पण हाडात लपलेलं गळू त्यांनीच ओळखलं

लुई पाश्चर म्हटलं की रेबीजची लस आणि पाश्चराइज्ड दूध आठवतं. पण लहान मुलांच्या हाडात गुपचूप साचणाऱ्या पुवाचं कारणही त्यांनीच दाखवून दिलं, हे फारसं कुणाला माहिती नसतं.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या डोल गावातला. वडील कातडी कमावायचे. लुई शिकले रसायनशास्त्र. वाईन का बिघडते, हे शोधता शोधता ते जंतूंपर्यंत पोहोचले.

घरात मात्र दुःखामागून दुःख आलं. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडने. सेसिल गेली तेव्हा अवघी १२ वर्षांची होती. १८६८ मध्ये खुद्द पाश्चर यांना अर्धांगवायूचा झटका आला. तरी काम थांबलं नाही.

१८७९ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला सारखी गळवं होत होती. पाश्चर यांनी त्यातला पू घेऊन जंतू वाढवले. दरवेळी तेच गोल, पुंजक्याने राहणारे जंतू दिसले.

मग आला फेब्रुवारी १८८०. पॅरिसमध्ये लानलाँग नावाचे सर्जन एका मुलीचं ऑपरेशन करणार होते. तीही साधारण १२ वर्षांचीच. गुडघा आणि पाय प्रचंड सुजलेला, पण कातडीवर जखमेचं तोंड कुठेच नाही. हाडाला भोकं पाडली तेव्हा आतून पू वाहू लागला. पाश्चर यांनी तो तपासला, तर जंतू गळवातल्यासारखेच! म्हणजे हे हाडाच्या आत झालेलं गळूच होतं. त्याच वर्षी त्यांनी हे विज्ञान अकादमीपुढे मांडलं. अशा पुंजक्यातल्या जंतूंना पुढे अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनने स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं.

२८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेले. तेव्हा या आजारावर सर्जनची सुरी हाच मुख्य उपाय होता. आज अँटिबायोटिक्स आहेत, फक्त वेळेत सुरू व्हायला हवीत.

या आजाराला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. जंतू रक्तातून हाडात पोहोचतात, त्यामुळे धडधाकट मुलालाही तो होऊ शकतो आणि वरून जखम दिसतेच असं नाही. म्हणून ताप असलेलं मूल लंगडत असेल, पाय टेकवत नसेल किंवा हात हलवू देत नसेल, तर खेळताना मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.