हॉर्स्ट फाइस्टल: बँकेच्या मेनफ्रेमला कुलूप देणारा माणूस

तुम्ही एटीएममध्ये पिन टाकता, तेव्हा तो तपासणीसाठी बँकेच्या यंत्रणेकडे जातो. अनेक मोठ्या बँकांमध्ये हे काम आजही मेनफ्रेम नावाचा भलामोठा कॉम्प्युटर करतो. मग वाटेत कुणी तो पिन चोरून वाचला तर? वाचता येत नाही, कारण तो कुलूपबंद होऊनच निघतो. या कुलपामागचं एक मोठं नाव म्हणजे हॉर्स्ट फाइस्टल.

फाइस्टल यांचा जन्म १९१५ मध्ये बर्लिनला झाला. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये ते अमेरिकेत गेले. एमआयटी आणि हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकले. पण महायुद्ध पेटलं आणि हा तरुण अमेरिकेच्या लेखी शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. त्याच्या येण्या-जाण्यावर निर्बंध आले. जानेवारी १९४४ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि चित्रच पालटलं. लवकरच ते हवाई दलासाठी गुप्त संशोधन करू लागले.

काम काय होतं? समोरून येणारं विमान आपलं की शत्रूचं, हे ओळखायचं. रेडिओवरून सांकेतिक प्रश्न पाठवायचा. बरोबर उत्तर आलं तरच ते आपलं. ज्याच्यावर कालपर्यंत संशय होता, तोच आता आपला-परका ओळखायची यंत्रणा घडवत होता!

१९६०च्या दशकाच्या अखेरीस ते आयबीएममध्ये आले. तेव्हा मेनफ्रेमला टेलिफोन लाइनवरून दूरची यंत्रं जोडली जाऊ लागली होती. लोकांची माहिती या मशीनमध्ये साठत चालली होती, आणि ती उघडी राहिली तर काय होईल, याची फाइस्टल यांना काळजी होती. त्यातून 'ल्युसिफर' तयार झालं. युक्ती सोपी होती: माहितीचे दोन भाग करा, किल्ली वापरून एकाच्या मदतीने दुसरा बदला, जागा अदलाबदल करा आणि हे पुन्हा पुन्हा करा. उलगडताना पद्धत तीच, फक्त किल्ल्यांचा क्रम उलटा. लंडनच्या लॉइड्स बँकेच्या पैसे देणाऱ्या मशीनसाठी याचंच एक रूप वापरलं गेलं.

ल्युसिफरवरूनच पुढे 'डीईएस' आलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेचं सरकारी मानक झालं. पण त्याची किल्ली फक्त ५६ बिटची ठेवली होती. ती लहान आहे, अशी टीका तेव्हाच झाली. १९९८ मध्ये खास बनवलेल्या एका मशीनने ती तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. कुलूप उत्तम होतं, किल्लीच तोकडी पडली. हे पाहायला फाइस्टल नव्हते. १९९० मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

आज मेनफ्रेम नेटवर्कवर बोलताना आधी डिजिटल सर्टिफिकेट तपासतो. त्यामागचं गणित वेगळं आहे, ते फाइस्टल यांचं नाही. पण प्रश्न त्या विमानांचाच: समोरचा खरंच आपला आहे का? सर्टिफिकेटला मुदतही असते. वेळेत नवं बसवलं नाही, तर कुलूप कितीही भक्कम असलं तरी समोरचं मशीन जोडणी नाकारू शकतं.

म्हणून फोनवर सर्टिफिकेटचा इशारा दिसला, तर घाईने 'पुढे जा' दाबू नका. पासवर्ड कुलूपबंद होऊन जाईलही, पण चोराच्याच हातात पडला तर काय उपयोग?