लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

ईश्वरावर भरंवसा ठेवावा, असें आपण नित्य म्हणतों. परंतु ज्यानें आपला सर्व भार त्याजवर टाकिला त्याचें आयुष्य कसें असतें, हें पाहावयास फार दूर जावयास नको. आपल्या शेजारच्या गोमंतकांत असा एक महात्मा होऊन गेला. त्या संत जोसेफ वाझ यांचें चरित्र या महोत्सवप्रसंगीं वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

सन १६५१ च्या एप्रिल महिन्याच्या २१ व्या तारखेस साष्टी प्रांतांतील बाणावली गांवीं त्यांचा जन्म झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. गोवा शहरीं जेजुइटांच्या व दोमिनिकन संघाच्या विद्यालयांत अध्ययन करून सन १६७६ मध्यें ते धर्मगुरु झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं स्वतःस पवित्र मरियेचा दास म्हणून लेखी अर्पण केलें.

त्या काळीं लंकेंतील कॅथॉलिकांची स्थिति मोठी करुणास्पद होती. सन १६५८ पर्यंत डचांनीं तेथील पोर्तुगीज मुलूख जिंकून धर्मगुरूंस हद्दपार केलें, आणि त्यांस आश्रय देणाऱ्यास देहांत शिक्षा ठरविली. जवळजवळ तीस वर्षें तेथें ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना मरणाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरु. ही वार्ता ऐकून वाझ यांचें चित्त व्याकुळ झालें. परंतु वरिष्ठांनीं सन १६८१ मध्यें त्यांस कानडा प्रांतीं पाठविलें, तेव्हां त्यांनीं तेंही काम ईश्वराची आज्ञा समजून मनोभावें केलें. गोव्यास परतल्यावर सन १६८५ मध्यें ते तेथील कांहीं धर्मगुरूंच्या मंडळींत सामील झाले व तिला त्यांनीं ओरेटरीच्या संघाचें रूप दिलें. अखेर सन १६८६ मध्यें ते लंकेकडे निघाले. पाठीशीं राजाचें बळ नाहीं, जवळ द्रव्य नाहीं. सोबतीस जुवांव नांवाचा एक विश्वासू तरुण सेवक तेवढा होता.

सन १६८७ मध्यें मजुराच्या वेषांत ते जाफना येथें उतरले, ते अतिसारानें अगदीं क्षीण होऊन. परक्या मुलखांत त्यांस ओळखणारें कोणी नव्हतें; एका दयाळू बाईनें दिलेल्या कांजीवर त्यांचे प्राण वांचले, असें चरित्रकार सांगतात. बरें वाटतांच त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागण्यास आरंभ केला. ती माळ पाहून कोणाच्या मुद्रेवर भक्तिभाव उमटतो, हें ते न्याहाळीत. एका घरीं अशी ओळख पटली, तेव्हां आपण धर्मगुरु आहों हें त्यांनीं हळूच प्रकट केलें. मग रात्रीच्या अंधारांत मिस्सा होऊं लागल्या.

सन १६८९ च्या नाताळच्या रात्रीं डच शिपायांनीं अशाच एका मेळ्यावर झडप घातली. कित्येक धरले गेले, कांहींस निर्दय मार बसला व त्यांतील एकानें त्या मारानें देह ठेविला. परंतु धर्म कोणी सोडिला नाहीं. फादर वाझ निसटले. पुढें सन १६९२ मध्यें ते कँडीच्या राज्यांत शिरले, तों पोर्तुगीजांचे हेर समजून राजानें त्यांस कैदेंत घातलें. त्या कैदेचाही त्यांनीं उपयोग करून घेतला: तेथेंच ते सिंहली भाषा शिकले. पुढें मोठें अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस आला अशी परंपरा आहे. त्यानंतर राजानें त्यांस धर्मकार्याची मोकळीक दिली. सन १६९७ मध्यें कँडींत देवीची सांथ आली. घरचींच माणसें रोग्यांस टाकून पळालीं, तेव्हां फादर वाझ व त्यांचे भाचे फादर कार्व्हाल्हो यांनीं जातिधर्म न पाहतां त्या टाकलेल्यांची शुश्रूषा केली.

तथापि त्यांच्या कार्यांतील एक गोष्ट आपण विशेष लक्षांत ठेवावी. इतक्या विस्तीर्ण बेटांत आपण सर्वत्र पोहोंचूं शकणार नाहीं, हें ते जाणून होते. म्हणून गांवोगांवीं त्यांनीं भरंवशाचीं प्रापंचिक माणसें नेमिलीं. त्यांनीं रविवारीं लोकांस प्रार्थनेस जमवावें, मुलांस धर्म शिकवावा, आजाऱ्यास धीर द्यावा व मरणाऱ्याजवळ बसावें, अशी व्यवस्था केली. धर्मगुरु वर्षांतून क्वचितच येई; परंतु शेजाऱ्यानें शेजाऱ्यास दिलेल्या धीरावर तेथील श्रद्धा तगून राहिली.

सन १७११ च्या जानेवारीच्या १६ व्या तारखेस कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. जन्मभर जें करावयाचें आपण टाळिलें तें मरणसमयीं सहज साधत नाहीं, हाच त्यांचा अखेरचा उपदेश होता. सन १९९५ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य व सन २०१५ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं संत म्हणून घोषित केलें. हे दोन्ही सोहळे कोलंबो येथेंच झाले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत मंदिर आहे, धर्मगुरु आहेत, घंटा मोकळेपणीं वाजते. या देणग्या लंकेंतील त्या बांधवांस नव्हत्या. तरी त्यांच्या घरांतील जपमाळ थांबली नाहीं. आपल्या आळींत कोणी आजारी असेल, कोणी कर्जानें वा दुःखानें खचला असेल, कोणी मंदिरास येणें सोडिलें असेल. त्याच्या दारीं जाऊन दोन धीराचे शब्द बोलणें हें संत जोसेफ वाझ यांच्या कार्यांतीलच काम आहे, आणि तें आपणां प्रत्येकास आजच करतां येण्यासारखें आहे.