लोकोद्यानाचे धनी : महाराज सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले गोपाळराव गायकवाड २७ मे १८७५ रोजी दत्तकविधीने बडोद्याच्या गादीवर आले. शेतकरी घरातील या बालकास तोवर अक्षरओळखही नव्हती. दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत असताना, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी सार्वजनिक उद्यान उभे राहिले. तीच आपली कमाटीबाग, अर्थात सयाजीबाग. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याधिकार हाती आल्यावर महाराजांनी बागेस केवळ विहारस्थान राहू दिले नाही. तेथेच वस्तुसंग्रहालयाची इमारत उभारली; ती १८९४ मध्ये पूर्ण झाली. लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल १८९३ मध्ये बडोद्याच्या सेवेत आले. पुढे बंगळूरच्या लालबागेची धुरा त्यांनीच वाहिली.

सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले, मध्यवर्ती ग्रंथालय १९१० मध्ये निघाले. या लोकसंस्थांच्या मालिकेत बाग वडीलधारी होय. निरक्षरासही तिचे दार खुले होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत निवर्तले. लक्ष्मीविलास राजवाडा घराण्याकडे राहिला. कमाटीबागेचे वारस मात्र सारे बडोदेकर ठरले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या महापुराने शहर वेढले, तेव्हा या वारशाचा अर्थ नव्याने ध्यानी आला : बाग राखावयाची तर तिच्या उशाशी वाहणारी नदीही राखली पाहिजे.