अपंगांचे श्रम आणि बाजाराची भीती

नागपूरहून येणारा रस्ता समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे फुटतो. एक फाटा हिंगणघाटकडे, दुसरा वरोऱ्याकडे. हिंगणघाटला 1914 साली मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे जन्मले. वरोऱ्यात त्यांनी वकिली केली आणि सोडलीही. गांधीजींनी अभयसाधक म्हणून गौरविलेला हा पुरुष तुळशीराम नावाच्या मरणासन्न कुष्ठरोग्याला पाहून भ्याला, आणि त्या भीतीनेच त्याचे पुढील आयुष्य घडविले. 1949 साली कलकत्त्यात कुष्ठरोगचिकित्सेचे शिक्षण घेऊन 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर त्यांनी आनंदवन उभारले. भांडवल सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये!

बाबांना आपल्या रुग्णांसाठी भिक्षा नको होती, काम हवे होते. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणली, भाजी पिकविली. परंतु वरोऱ्याच्या बाजारात तिला गिऱ्हाईक मिळेना. उणीव उत्पादकतेची नव्हती, मागणीची होती. परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, तेव्हा कुठे गावाची भीती ओसरू लागली. शेजाऱ्याच्या श्रमाला परक्याची साक्ष लागावी, हे नवलच. पुढे तेथे हातमाग, सुतारकाम यांचे उद्योग वाढले. अंध व मूकबधिरही त्यांत सामावले.

बाबा 2008 साली निवर्तले. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना, कुष्ठमुक्तांसह, 4 टक्के जागा दिल्या. खाजगी उद्योगांनी 5 टक्के अपंग नेमावेत यासाठी मात्र केवळ प्रोत्साहनाची तरतूद आहे. जिनिंगच्या फाटकाशी आलेल्या कुष्ठमुक्त कामगाराला आत घ्यावे की नाही, हे आजही मालकाच्याच मर्जीवर आहे.