विनोबा भावे : आईसाठी गीता, कैद्यांसाठी गीता

अवघड विचार ऐकणाऱ्याच्या मनात टिकतो कसा, हे पाहण्यासाठी आपण विनोबांचे चरित्र घेत आहोत. विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. (याच जिल्ह्यात रोह्यास १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनीही गीता प्रवचनांतूनच लोकांपर्यंत नेली, हे जाता जाता ध्यानात ठेवावे.)

विनोबांच्या आई रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यावयाची होती; पण संस्कृत येत नव्हते, आणि हाती आलेला मराठी अनुवादही कठीण वाटला. तेव्हा तूच सोपी करून का देत नाहीस, असे त्यांनी मुलासच विचारले. १९१८ मध्ये आई निवर्तल्या. ‘गीताई’चे लेखन सुरू झाले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी, जिच्यासाठी लिहावयाचे, ती ऐकावयास उरली नव्हती. ग्रंथाच्या नावात मात्र ती राहिली. श्लोकांचे वृत्त त्यांनी राखले, शब्द सोपे निवडले. म्हणून गीताई पाठ होते. आपण एखादा अध्याय मोठ्याने म्हणून पाहावा, म्हणजे हे विधान तपासता येईल.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने दिली. सहबंदी साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. पहिल्याच प्रवचनात अर्जुनाचा मोह समजावताना ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. शेकडोंना फाशी देणाऱ्या या गृहस्थापुढे स्वतःचाच मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि फाशीची शिक्षा अमानुष असल्याचे त्यांना एकाएकी सुचू लागते. मोहाची व्याख्या विसरली जाईल; हा न्यायाधीश विसरणे कठीण. शिवाय श्रोते स्वतः न्यायालयातून शिक्षा घेऊन आलेले होते, हेही लक्षात घ्या.

१९५१ पासूनच्या भूदानयात्रेत हीच रीत दिसते. पाच मुलगे असतील तर भूमिहीनास सहावा माना आणि त्याचा वाटा द्या, एवढेच मागणे. हिशेब निरक्षरासही उमगे. लाखो एकरांची दाने जाहीर झाली. मात्र त्यांतील पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे निवर्तले, तेव्हाही ते वाटप अपुरेच होते.